आवाज बंद केला तर रडू येतं का?

अर्धविराम :
परवा एक गंमत झाली. गंमत म्हणावी की नाही तेच कळेना, म्हणून हा धागा.

बऱ्याच वर्षांनी 'फायनल फँटसी ७' हा व्हिडिओ गेम पुन्हा खेळायला घेतलाय. नवा नाही, १९९७ सालचा जुना, ठोकळ्यांच्या माणसांचा. परवा रात्री पहिल्या डिस्कच्या शेवटाशी पोचले. शेजारी लेक झोपलेली, हेडफोन दुसऱ्या खोलीत, उठायचा कंटाळा. म्हटलं जाऊ दे, आवाज बंद करूनच खेळू. आणि तो प्रसंग आला. ज्यांनी खेळलाय त्यांना कळलंच असेल कुठला. आपल्या गटातली एरिथ गुडघे टेकून बसलीय, वरून तलवार येते, संपलं. तिच्या केसांतला मणी निसटतो आणि टप्पे खात खाली पाण्यात जातो.

शाळेत असताना इथे मी उशीत तोंड खुपसून रडले होते. परवा काही म्हणजे काही झालं नाही. मनात आलं ते एवढंच, की हिची कोपरं किती टोकदार आहेत.

मग उठले, हेडफोन आणले, सेव्ह केलेल्या जागेपासून पुन्हा खेळले. ती चाल सुरू झाली आणि घसा दाटून आला. कोपरं तीच, ठोकळे तेच.

तर प्रश्न असा, की रडवलं कोणी? गोष्टीने की नोबुओ उएमात्सूंच्या संगीताने? आणि संगीताने रडवलं असेल, तर ते रडू माझं म्हणायचं की उसनं? तुमचे अनुभव लिहा. बाकी गेम्सचेही चालतील.

खडूस_काका :
रुमाल टाकून ठेवतोय. रात्री सविस्तर लिहितो.

टिंबटिंब :
मी कायम आवाज बंदच ठेवते. प्रवासात, रांगेत, मीटिंगमध्ये (हो, मीटिंगमध्ये). एकाखाली एक रंगीत खडे जुळवायला संगीत कशाला हवं? भावना म्हणाल तर तासभर फुकट गेल्याची हळहळ, तेवढीच. ती आवाजाशिवायही नीट होते.

पाचवा_गिअर :
पहिल्याच परिच्छेदात स्पॉयलर! संपादक लक्ष देतील का?

अर्धविराम :
१९९७ सालच्या गेमचा स्पॉयलर? आता काय महाभारतात कोण जिंकतं तेही लपवून ठेवू?

शंकासुर :
उसनंच. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सिनेमावाले हेच करत आले आहेत. प्रसंगात दम नसला की मागे व्हायोलिनं पिळायची. प्रेक्षकाला वाटतं आपण हळवे आहोत. प्रत्यक्षात कुणीतरी बटण दाबलेलं असतं. गेममध्ये तर बटणही आपल्याच हातात देतात, म्हणजे फसवणूक दुप्पट. तुम्ही परवा आवाज बंद करून जे पाहिलंत तो खरा प्रसंग. टोकदार कोपरांचा.

चकवा_चांदणं :
शंकासुर, तुमच्या मताचा आदर आहे पण एक घोळ होतोय. सिनेमाच्या संगीताला पुढे काय होणार ते आधीच माहीत असतं. दार कितव्या सेकंदाला उघडणार, ती कधी मान वळवणार, सगळं ठरलेलं. गेममध्ये संगीताला काहीच माहीत नसतं. मी दारापाशी दहा सेकंद थांबेन नाहीतर चहूकडे उड्या मारत अर्धा तास घालवेन. संगीताला माझी वाट बघावी लागते. साथीला बसलेला तबलजी जसा गवय्याच्या तोंडाकडे बघत असतो, तसं.

सगळ्यात जुनं उदाहरण देते. १९७८चा 'स्पेस इन्व्हेडर्स'. त्यात संगीत म्हणजे खर्जातले चार सूर, एकापाठोपाठ एक उतरणारे. धुम धुम धुम धुम. बस्स. एकेक परग्रहवासी मारत गेलात की उरलेले वेगाने सरकतात आणि ते चार सूरही वेगाने वाजतात. मजा म्हणजे त्यांचा वेग वाढणं आधी ठरवलेलंच नव्हतं. पडद्यावर आकृत्या कमी झाल्या की प्रोसेसरचं ओझं कमी व्हायचं आणि उरलेल्या आपोआप पळायला लागायच्या. गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोंनी ते तसंच ठेवलं, कारण खेळायला मजा येत होती. आता बघा, शेवटचा एकच उरलाय, तो सुसाट पळतोय, सूर छातीतल्या ठोक्यांसारखे. ही धडधड कुणी लादली? मीच मारत मारत इथवर आणली ना?

पाचवा_गिअर :
+१. मारिओत घड्याळ शंभरावर आलं की चाल धावायला लागते, तेव्हा मी हमखास खड्ड्यात पडतो. त्याआधी चांगला खेळत असतो, शपथ. वेळ भरपूर उरलेली असते. पण त्या चालीने हातांना घाई होते.

ढब्बू_पैसा :
आणि सोनिक? पाण्याखाली श्वास संपत आला की जे वाजतं ते? १९९१चा गेम, पण आजही कुणी ते वाजवलं तर मी आपोआप श्वास रोखतो. ऑफिसात एकाने मुद्दाम रिंगटोन ठेवली होती. त्याचा फोन वाजला की मी खुर्चीतून वर हवेसाठी.

लोणार_ते_लंडन :
ढब्बू, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

खुळखुळा :
संगीताला काही माहीत नसतं म्हणता, पण 'स्कायरिम'मध्ये त्याला आपल्याहून जास्त माहीत असतं! मी फुलं तोडत उभा आहे, डोंगरावर धुकं, पक्षी, अगदी निवांत. अचानक युद्धाचे ढोल. मी तलवार काढून गोल गोल फिरतोय. ड्रॅगन? डाकू? काहीच दिसत नाही. दोन मिनिटांनी दगडामागून एक खेकडा येतो. एक. खेकडा. त्याच्यासाठी एवढा वाद्यवृंद!

चकवा_चांदणं :
हाहा, तो खेकडा सगळ्यांनाच भेटलाय. पण ही माझ्या मुद्द्याचीच बाजू आहे. ढोल कधी वाजवायचे हे गेमने एका साध्या अटीवर ठरवलेलं असतं, शत्रूने तुम्हाला पाहिलं की वाजव. शत्रू किती मोठा ते त्या अटीत नसतं.

वायरिंगवाला :
या अटी लिहिण्याचंच काम मी करतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. एका लहान गेम कंपनीत ध्वनीचं बघतो. संगीतकार दुसरे. मी त्यांचं संगीत गेमला जोडून देणारा.

संगीत गेमला जोडायच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत थर असतात. एकाच लांबीचे, एकाच लयीचे चार-पाच थर एकदम सुरू करायचे आणि बहुतेकांचा आवाज शून्यावर ठेवायचा. धोका वाढला की तालवाद्यांचा थर वर आणायचा, टळला की खाली. ऐकणाऱ्याला जोड कळत नाही, कारण सगळं पहिल्यापासून चालूच असतं. दुसरीत तुकडे असतात. एक तुकडा संपत आला की परिस्थिती बघून पुढचा निवडायचा. 'ऑकरिना ऑफ टाइम'मधलं मोकळ्या मैदानाचं संगीत असं तुकड्यांचं आहे. स्वस्थ उभे राहिलात की शांत तुकडे, शत्रू जवळ आला की तणावाचे.

ही कल्पना नवी नाही. १९९१च्या 'मंकी आयलंड २'साठी मायकल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी आयम्यूझ नावाची यंत्रणा केली होती. त्यातल्या वुडटिक गावात एका घरातून दुसऱ्या घरात गेलं की चाल न तुटता वाद्य बदलतं. आज एफमॉड किंवा वाइजसारखी तयार साधनं आहेत, पण सम कुठे पकडायची हा प्रश्न तोच. 'रेड डेड रिडेम्प्शन'मध्ये तर हा प्रश्न मुळातच मिटवला. जवळजवळ सगळं संगीत ए मायनर या एकाच स्वरपट्टीत आणि मिनिटाला १३० ठोक्यांच्या लयीत रेकॉर्ड केलं. मग काहीही कशावरही चढवा, बेसूर होत नाही.

आता माझी फजिती. एका गेममध्ये तणावाचा थर खाली आणायची अट मी चुकीची लिहिली. खोलीतला शेवटचा शत्रू मेला तरी तो थर बारीक आवाजात चालूच राहायचा. इतका बारीक की मलाच ऐकू आला नाही. चाचणी करणाऱ्या मुलांकडून तक्रारी आल्या. संगीताबद्दल एकही नाही! एकाने लिहिलं, 'तिसऱ्या खोलीत कोणीतरी लपलंय, सापडत नाही.' दुसऱ्याने लिहिलं, 'प्रकाशयोजना बदला, खोली अंगावर येते.' तिसरी तर त्या खोलीत शिरायलाच टाळायची आणि कारण विचारलं तर म्हणे उगाच. मी दोन दिवस प्रकाश तपासत बसलो होतो.

शंकासुर :
वायरिंगवाला, धन्यवाद. माझाच मुद्दा तुम्ही सिद्ध केलात. खोलीत कोणी नव्हतं आणि माणसं घाबरली.

वायरिंगवाला :
पण चुकून, शंकासुर! ज्याला तुम्ही बटण दाबणारा म्हणता तो मीच, आणि मलाच पत्ता नव्हता. :)

मौनव्रती :
पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस वाचनमात्र होते. मला जन्मापासून डाव्या कानाने अजिबात आणि उजव्या कानाने फार थोडं ऐकू येतं. तेव्हा अर्धविराम यांनी एका रात्रीपुरता केलेला प्रयोग माझ्याकडे आयुष्यभर चालू आहे.

तोच गेम, तोच प्रसंग. मी रडले होते. चाल ऐकू येत नव्हती तरी रडले. पण त्या क्षणी नाही, नंतर. पुढच्या लढाईआधी गट निवडायला यादी उघडली आणि तिचं नाव नव्हतं. किती तास तिला सोबत घेऊन हिंडले होते, जखमा बऱ्या करायला नेहमी तिलाच पुढे करायचे. सवयीने बोट तिच्या जागेवर गेलं आणि तिथे कोणी नाही. तेव्हा रडले.

म्हणून 'आवाज बंद तर भावना बंद' हे मला पटत नाही. तुम्हाला आवाजाची सवय आहे, त्यामुळे तो काढला की तुम्हाला भोक दिसतं. मी त्या भोकाशिवाय बघते.

एक तक्रारही मांडून घेते. हल्ली बऱ्याच गेम्समध्ये संगीताचीही ओळ खाली लिहून येते, हे चांगलंच. पण ओळ काय असते? 'तणावपूर्ण संगीत.' अहो, कसला तणाव? हळूहळू चढणारा की एकदम दचकवणारा? जवळ येणारा की लांबून बघणारा? त्यापेक्षा कंट्रोलरची थरथर मला जास्त सांगते. खर्जातला ढोल तळव्यात कळतो. कोणी विचारलं तर मी म्हणेन, मी संगीत हातांनी ऐकते.

अर्धविराम :
मौनव्रती, लिहीत राहा. यादीतल्या रिकाम्या जागेचं वाचून माझ्याच अंगावर काटा आला. परवा मी तिथपर्यंत खेळलेच नाही, हेडफोन आणायला उठले. प्रयोग अर्धवटच राहिला म्हणायचा.

एरिस_का_एरिथ :
फक्त एक दुरुस्ती. १९९७च्या इंग्रजी आवृत्तीत तिचं नाव एरिस होतं. एरिथ नंतर रूढ झालं.

खुळखुळा :
नाव घेऊनच जन्माला आलात हो तुम्ही.

खडूस_काका :
रुमाल उचलतो.

शंकासुर आणि चकवा यांचं चालू द्या, मी तिसरंच बोलणार आहे. तुम्ही सगळे चालीबद्दल बोलताय. चाल नसण्याबद्दल कोणी बोलत नाही.

निन्टेन्डोच्या जुन्या आठ बिटांच्या यंत्रात आवाजाच्या वाटा पाच. दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी, एक नुसत्या खरखरीची आणि एक छोट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. एवढ्यात चाल, साथ, ताल आणि उडीचा, गोळीचा, नाण्याचा आवाज बसवायचा. उडी मारली की चालीतला एखादा सूर गायब व्हायचा, कारण ती वाट उडीने घेतली. बहुतेकांनी या तंगीतही गोड चाली केल्या. हिरोकाझु तनाका या संगीतकार गृहस्थांनी १९८६च्या 'मेट्रॉइड'मध्ये उलटं केलं. संगीत कुठे संपतं आणि आवाज कुठे सुरू होतो तेच कळू नये असा त्यांचा प्रयत्न होता. खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही गुहाच जिवंत आहे. गुणगुणता येईल अशी मोकळी चाल शेवटासाठी राखून ठेवायची, म्हणजे जिंकल्यावर माणसाला सुटल्यासारखं वाटेल, हा त्यांचा हिशेब.

तो शेवट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वय असेल चौदा. जिंकल्याचा आनंद नंतर झाला. आधी खांदे खाली आले. तोवर ते वर होते हेच माहीत नव्हतं.

तेव्हा संगीताने भावना उसनी दिली की नाही ते राहू द्या. इतका वेळ ती अडवून ठेवली होती, त्याचा हिशेब कोण करणार?

सुरपेटी :
काका, दंडवत. पण 'मेट्रॉइड'मधल्या ब्रिनस्टार या गुहेची चाल मी अजून आंघोळीला गुणगुणतो. चाल राखून ठेवली म्हणता, मग ती काय आहे?

खडूस_काका :
तुमचा गळा चांगला आहे म्हणून. बाकीच्या गुहा गुणगुणून दाखवा, मग बोलू.

गवताळ :
शांततेचाच विषय निघालाय तर 'शॅडो ऑफ द कोलॉसस'. २००५चा. घोड्यावरून कितीही दौडा, संगीत नाही. टापा, वारा, कधी ससाणा. मैलोन् मैल काही नाही. मग अजस्र प्राणी दिसतो आणि को ओतानींचं संगीत उसळतं. तुम्ही त्याच्या अंगावर चढता, केसांना लोंबकळता, संगीत म्हणतं शाब्बास. शेवटचा वार करता. आता विजयाची तुतारी वाजायला हवी की नाही? नाही वाजत. शोकाचं संगीत सुरू होतं. तो प्राणी संथपणे कोसळतोय आणि तुम्ही आपले तलवार धरून उभे.

पहिल्या वेळी वाटलं, काहीतरी चुकलं असेल. तिसऱ्या वेळी कळलं की चुकतोय तो मी. एकही पात्र तोंडाने बोललं नाही की तू वाईट करतोयस. तरीही सोळाच्या सोळा प्राणी मारले, थांबलो मात्र नाही. हे काय ते मला अजून उलगडलेलं नाही.

पाचवा_गिअर :
'अंडरटेल'मध्ये याच्याही पुढे गेलेत. सगळ्यांना मारत सुटलात की ओळखीच्या चाली इतक्या संथ आणि खर्जात वाजतात की ओळखूच येत नाहीत. बर्फातलं ते गोड गाव, तीच चाल, पण मेल्यासारखी. टोबी फॉक्सने गेमही केला आणि संगीतही, म्हणून जमलं असेल. मी अर्ध्यातून परत फिरलो. खोटं कशाला, ती चाल ऐकवेना म्हणून फिरलो. कणव वगैरे नंतर सुचलं.

शंकासुर :
हे मात्र विचार करण्यासारखं आहे. इथे संगीत रडायला लावत नाहीये, जाब विचारतंय. मान्य, हे व्हायोलिन पिळण्यासारखं नाही.

खुळखुळा :
नोंद घ्या! शंकासुर यांनी काहीतरी मान्य केलं!

शंकासुर :
अर्धंच.

निळी_शाई :
विज्ञानाचं कोणीच काढलं नाही म्हणून. २००५ साली माँट्रियलच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. 'क्वेक ३ अरीना' काहींना संगीतासह खेळायला दिला, काहींना संगीताशिवाय. नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. संगीतासह खेळलेल्यांचं जास्त भरलं. म्हणजे ताण नुसता 'वाटला' नाही, शरीरातही उतरला.

मात्र यावरून फार उड्या मारू नयेत. खेळणारे तरुण पुरुष, गेम एक आणि तोही धडाधड गोळ्यांचा. मौनव्रती म्हणतात ती यादीतली रिकामी जागा लाळेत कशी मोजणार?

तेरावा_तास :
मग 'लॅव्हेंडर टाउन'चं काय? पोकेमॉनच्या पहिल्या गेममधल्या त्या स्मशानाच्या गावाच्या संगीताने जपानमध्ये मुलं आजारी पडली होती म्हणे. काही भयंकर कंपनसंख्या होत्या त्यात.

निळी_शाई :
नाही हो. इंटरनेटवर कुणीतरी रचलेली भयकथा आहे ती. ती पसरायला एक खरी घटना उपयोगी पडली असावी. डिसेंबर १९९७मध्ये पोकेमॉनच्या टीव्ही मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश भराभर लुकलुकला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. पण ते प्रकाशामुळे, आणि टीव्हीवर. गेमच्या संगीताचा त्याच्याशी संबंध नाही.

तेरावा_तास :
अरेरे. इतकी वर्षं मी ते गाव आवाज बंद करून पार करत होतो.

टिंबटिंब :
तेरावा_तास, या आमच्या गटात. स्वागत आहे.

आजोळची_वाट :
मी गेम खेळणारी नाही. मुलगा खेळायचा. तरी लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या.

'माइनक्राफ्ट'मध्ये त्याने एक घर बांधलं होतं, तळ्याकाठी. तीन मजली, जिना उलटा लावलेला, म्हणजे वर जायला उडी मारावी लागते. तो शिकायला बाहेर गेला, काँप्युटर इथेच राहिला. एका दुपारी फोनवर म्हणाला, आई, माझी मेंढरं बघून ये ना. मला काही येत नव्हतं, त्याने फोनवरच शिकवलं. कुठलं बटण पुढे, कुठलं मागे. फोन ठेवला आणि मी त्या घराबाहेर उभी राहिले. आवाज फक्त पावलांचा. मेंढरं गवत खात होती. मला वाटलं गेमला संगीत नसावंच.

आणि मग बऱ्याच वेळाने, माझ्या काही केल्याशिवाय, एक पियानो वाजायला लागला. अगदी हळू. एक सूर, थांबा, दोन सूर. मी काही मारलं नव्हतं, काही जिंकले नव्हते. नुसती उभी होते. तो वाजला आणि थोड्या वेळाने थांबला.

मुलाला विचारलं, मी काय केलं म्हणून ते वाजलं? तो म्हणाला, काही नाही गं, ते मधूनच वाजतं.

आता रोज दुपारी थोडा वेळ जाते. बहुतेक वेळा वाजत नाही.

वायरिंगवाला :
आजोळची_वाट, काहीही चुकलं नाही. ते संगीत सी४१८ या नावाने काम करणाऱ्या डॅनियल रोझेनफेल्डचं. एका तुकड्यानंतर साधारण दहा ते वीस मिनिटं गेम गप्प राहतो, किती ते दर वेळी वेगळं. घटनेशी त्याचा संबंध जवळजवळ नाहीच. माझ्या वरच्या लांबलचक पोस्टमधल्या सगळ्या अटी, थर, तुकडे यांच्या बरोबर उलटं. आणि तरी ज्याला विचाराल तो सांगतो, मी नेमका सूर्यास्त बघत होतो तेव्हा वाजलं.

चकवा_चांदणं :
म्हणजे माझा तबलजीही फसला म्हणायचा! हा तर गवय्याकडे पाठ करून बसलाय. तरी मैफल जमतेय.

सुरपेटी :
याचा उलटा प्रकार 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये. एरवी कसा सुटा सुटा पियानो. पण त्या यांत्रिक गार्डियनने तुम्हाला हेरलं की तोच पियानो पिसाळतो. आता मला लांबून पिसाळलेला पियानो ऐकू आला की मी गार्डियन कुठे आहे ते बघतच नाही. घोडा वळवलेला असतो.

ढब्बू_पैसा :
आणि 'डार्क सोल्स'चा शेवट? इतका वेळ प्रत्येक राक्षसामागे वाद्यवृंदाचा गडगडाट, आणि शेवटच्या राजासमोर उदास पियानो. मी हरलो, पुन्हा हरलो, अकरा वेळा हरलो. पण एकदाही राग आला नाही. त्या म्हाताऱ्याची दया येत होती आणि तो मला ठोकत होता.

मौनव्रती :
पियानोचं माझ्याकडे काहीच पोचत नाही, तळव्यातही नाही. पण हे वाचून आज पहिल्यांदा त्या राजाची दया आली. मला तो नुसताच वेगवान वाटला होता.

चकवा_चांदणं :
मूळ धाग्याकडे येऊ या का? अर्धविराम, तुमच्या प्रसंगातली एक गोष्ट राहून गेली. ती चाल तिथे पहिल्यांदा वाजत नाही. सुरुवातीला तुम्ही छत फोडून चर्चमध्ये पडता, ती फुलांपाशी असते, आठवतंय? तिथे मागे वाजतं त्यात हीच चाल आहे. नंतर तिच्या लहानपणाची गोष्ट येते तिथेही. म्हणजे उएमात्सूंनी पेरणी कितीतरी तास आधी करून ठेवलेली असते. आणि ती गेल्यावर लगेच लढाई सुरू होते, तेव्हा नेहमीचं लढाईचं संगीत वाजतच नाही, तीच चाल चालू राहते. तुम्ही वार करताय, आकडे उडतायत, आणि मागे फुलांची चाल.

तेव्हा शंकासुर म्हणतात तसं बटण दाबलं गेलं हे खरं. पण तारा जोडायला आपणच तासन् तास खेळलो होतो.

शंकासुर :
मग एक चाचणी करा. ज्याने गेम खेळलेला नाही अशाला नुसती ती चाल ऐकवा. रडला तर मी बरोबर, नाही रडला तर तुम्ही.

अर्धविराम :
चार दिवसांनी येतेय, पण चाचणी करून.

माझी धाकटी बहीण आठवडाभर राहायला आलीय. गेम वगैरे तिच्या गावी नाही. तिला हेडफोन लावून नुसती चाल ऐकवली, कशाची ते सांगितलं नाही. डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, "छान आहे. झोप येईल असं आहे." पुन्हा ऐकवलं तर खरंच डुलकी लागली.

तेव्हा शंकासुर, नुसत्या चालीने होत नाही. आणि परवाच्या रात्री नुसत्या चित्राने झालं नव्हतं. मौनव्रतींचं दोन्हींशिवाय झालं. हिशेब कसा लावायचा तो ज्याने त्याने लावा, माझं डोकं चालत नाही.

पुढची गंमत वेगळीच आहे. बहिणीने विचारलं, हे आहे तरी कशाचं? म्हटलं, एका गेमचं. म्हणाली, लाव बघू. लावून दिला. तीन दिवस सोडत नाहीये. काल चर्चच्या छतातून खाली पडली, फुलांपाशी. कान टवकारले आणि म्हणाली, "अगं ताई, हे तर तू ऐकवलेलं!" आज सकाळी केस विंचरताना तेच गुणगुणत होती. जखमा बऱ्या करायला एरिथलाच पुढे करते. म्हणे, ही पोरगी कामाची आहे, हिला मी शेवटपर्यंत सोबत ठेवणार.

मी काही बोलले नाही.

पाचवा_गिअर :
...

खुळखुळा :
अरे देवा.

खडूस_काका :
संपादक, या धाग्याला आठवडाभर कुलूप लावा. ती मुलगी इथे आली तर?